वर कुणी बोलायचं नाही

मेगाफोन माझ्या हातात होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर संघटनेच्या इतिवृत्तात "कार्यक्रमादरम्यान थोडा गोंगाट झाला" असं वाक्य आलं आणि तो कुणी केला ते त्यात कुठेच नव्हतं. मी केला.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून लिहितेय. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात ती छापली जातात, आणि तिथला मालक दर वेळी चष्मा कपाळावर ढकलून विचारतो, "आज कुणाचा निषेध?" पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेने शिकवलं. आधी आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. कोरी जागा ठेवायची नाही, कारण कोऱ्या जागेत लोक स्वतःच्या सोयीचं काहीतरी वाचतात. गप्प बसणं म्हणजे संमती, हे वाक्य तर मी इतक्या वेळा लिहिलंय की छापखान्यात ते जुळवून तयारच ठेवायला हरकत नाही.

आमच्या हडपसरच्या घरात देवघर नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, ते सोडलेच. वडील कचेरीतून आले की संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीसमोर अर्धा तास बसायचे. निवृत्त झाले तरी बसतात. मी लहानपणी विचारायचे, "काय करताय?" ते म्हणायचे, "बसलोय." मला या उत्तराचा राग यायचा. जगात एवढं चाललंय आणि एक धडधाकट माणूस नुसता बसलाय. देव हा शब्द आमच्या घरात वापरायचा नसतो. पुढे मी तो वापरणार आहे. घरचे रागावतील. मला दुसरा शब्द मिळाला नाही.

आमची मोहीम होती मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्याविरुद्ध. कायद्याने माणूस उतरवता येत नाही. तरी उतरवतात. सोसायटी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो आमची माणसं वरूनच काम करतात, आणि मशीन मागवा म्हटलं की ते नेमकं त्याच गल्लीत वळत नाही. आम्हाला पुरावा हवा होता. आत उतरलेला माणूस कॅमेऱ्यात हवा होता. हडपसरच्या एका जुन्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बाईंनी कळवलं की टाकी भरलीय, उद्या सकाळी माणसं येणार आहेत. आम्ही पाचजण गेलो.

तीन तिमजली इमारती. ड्रेनेजची लाइन यायच्या आधीची सोसायटी, त्यामुळे सगळी घाण पार्किंगखालच्या टाकीत. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. टाकीच्या तोंडाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. डाव्या हातात दोरी, आणि एक लांब पहार टाकीत तिरकी सोडून तिच्या वरच्या टोकाला त्याने कान लावला होता. मला वाटलं दमून टेकलाय. शेजारी एक तरुण, उघडा, अर्धी चड्डी, पोटऱ्यांपर्यंत काळा. जरा लांब ट्रॅकसूट घातलेले, नाकाला रुमाल लावलेले सोसायटीचे चेअरमन.

दोरी खाली गेली होती. म्हणजे माणूस आत होता.

मला आनंद झाला. हे लिहायला सोपं नाही, पण झाला. पुरावा मिळाला म्हणून. मी मेगाफोनचं बटण दाबलं.

"या टाकीत आत्ता, या क्षणाला एक माणूस आहे," मी म्हणाले. "तो मेला तर जबाबदार कोण?"

मागून चौघांनी ठरल्याप्रमाणे ओरडून उत्तर दिलं. बाल्कन्या भरल्या. मी पुन्हा विचारलं, मेला तर जबाबदार कोण. पुन्हा उत्तर आलं. म्हाताऱ्याने मान न हलवता हाताचा पंजा वर केला. मग ओठांवर बोट ठेवलं. आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं की कामगाराला धमकावलेलं असतं. मी थेट त्याच्याकडे वळून बोलले. "काका, घाबरू नका. तुमचं तोंड कुणी बंद केलंय ते आम्हाला माहीत आहे."

चेअरमन पुढे आले. "अहो मॅडम, आपण आत यायची परवानगी घेतलीत का?"

"तुम्ही माणूस आत सोडायची घेतलीत का?"

बाल्कनीतून कुणीतरी टाळी वाजवली. हे उत्तर मला सुचलं याचं मला कौतुक वाटलं, आणि ते मेगाफोनवरून मी परत एकदा म्हटलं.

आमच्यातल्या एका पोराने फोनवर काढलेल्या व्हिडिओत हे सगळं चार मिनिटं वीस सेकंद आहे.

मग म्हातारा उठला. दोरी त्या तरुणाच्या हातात दिली, माझ्याकडे आला आणि मेगाफोनच्या तोंडावर त्याने आपला तळवा ठेवला. ढकललं नाही, शिवी दिली नाही. झाकण लावावं तसा तळवा ठेवला. त्या हाताचा वास मला आजही सांगता येईल.

"ठोका बंद झालाय," तो हळू म्हणाला.

"काय बंद झालंय?"

"ठोका. खालचा. कवा बंद झाला ते कळलं न्हाई. तुमी बोलत हुता."

मला काही समजलं नाही, आणि ते त्याला दिसलं. त्याने मोजक्या वाक्यांत सांगितलं, आणि त्यातलं एकही फुकट नव्हतं. टाकीचे दोन कप्पे असतात. मधल्या भिंतीला खाली एक खिंड असते. माणूस त्या खिंडीतून पलीकडे जातो, मग दोरी भिंतीच्या कोपऱ्याला अडते आणि त्याचा हिसका वर पोचत नाही. म्हणून तो पान्याने भिंतीवर ठोके देतो. थोड्या थोड्या वेळाने एक ठोका म्हणजे ठीक आहे. लागोपाठ दोन म्हणजे ओढा. वरचा माणूस पहारीला कान लावून ते ऐकतो. म्हणून खाली माणूस असला की वर कुणी बोलायचं नाही.

इतक्या वर्षांत या विषयावर मी किती पत्रकं लिहिली. ठोक्याबद्दल एका ओळीतही नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं की तुम्ही हे काम करता कसं. हे काम करूच नये अशी माझी भूमिका होती, मग कसं करतात ते कशाला विचारायचं.

तो तरुण टाकीत पाय सोडत होता. म्हाताऱ्याने त्याला चड्डीच्या नाडीला धरून मागे खेचलं. "तू जाशील, मग तुज्यामागं मी जाईन. गप उभा ऱ्हा."

एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, हे वाक्य माझ्या पत्रकात आहे. ठळक अक्षरात आहे.

"मग ओढा ना," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"उभा आसंल तर यील. आडवा पडला आसंल तर खिंडीत आडकंल, मग कुनालाच निघायचा न्हाई. उभा हाय का आडवा, येवढं कळू दे."

ते कळायला एकच मार्ग होता. आम्ही सगळ्यांनी तोंड मिटायचं. व्हिडिओ काढणारा पोरगा तोच फोन घेऊन अग्निशमन दलाला कळवायला फाटकाबाहेर पळाला. आणि चेअरमन, ज्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही काही चांगलं नाही, ते स्वतः पळत जाऊन पाण्याचा पंप बंद करून आले. दुसऱ्या मजल्यावर मिक्सर चालू होता. खालून हातवारे झाले, तो थांबला. एका बाईने कडेवरचं बाळ आत नेलं आणि दार लावलं, तेसुद्धा दोन्ही हातांनी, आवाज न करता. लांबून सोलापूर रस्त्याची घरघर येत होती. तिला कोण थांबवणार.

म्हातारा पालथा झोपला आणि पहारीला कान लावला. तरुण दोरी घेऊन पुन्हा टाकीकडे सरकत होता, म्हणून म्हाताऱ्याने खुणेनेच ती माझ्याकडे द्यायला लावली. ओठ हलवून म्हणाला, नुसती धरा. ओढू नका.

मी दोरी धरली. दुसऱ्या टोकाला एक माणूस होता आणि दोरीवरून काहीच कळत नव्हतं. भिंतीला बांधली असती तरी अशीच लागली असती.

मला बोलायची सवय आहे. बाहेर गप्प असले तरी आत वाक्यं चालू असतात. तेव्हाही मी सुरुवात केली. आरोप. तो माझ्यावर होता. पुरावा. तो फोनमध्ये रेकॉर्ड झाला होता. मागणी. इथे मी अडकले. मागणी तर होती, एवढी मोठी मागणी मी आयुष्यात कधी केली नव्हती, पण ती द्यायची कुणाला? ठेकेदाराला, आयुक्तांना, सरकारला, ज्यांची ज्यांची नावं मी पत्रकाच्या डोक्यावर घातली होती त्यातल्या कुणाच्या हातात ती नव्हती. वाक्य तिथेच थांबलं. पुढचं आलं नाही. आणि माझ्या डोक्यात, मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा, आवाज बंद झाला.

ते शांत वाटलं असं मी म्हणणार नाही. पार्किंगमध्ये वीसेक माणसं असतील. सगळी ऐकत होती. कान एका भोकाकडे लावलेले. आणि थोड्या वेळाने मला असं जाणवलं की हे ऐकणं आमचं नाही. आमच्या आधीपासून इथे काहीतरी ऐकत होतं. मी मेगाफोनवर बोलत होते तेव्हाही ते ऐकत होतं, मला आणि खालच्याला, दोघांनाही. आम्ही गप्प झालो म्हणून ते आत्ता लक्षात आलं, एवढंच. ते प्रेमळ आहे असं मला वाटलं नाही. त्याने मला धीर दिला नाही, कसला शब्द दिला नाही, माणूस वाचेल असं काही सुचवलं नाही. ते फक्त होतं, आणि त्याच्यासमोर मी दोरी धरून होते, आणि मला त्याची भीती वाटली. त्याला मी देव म्हणते. आजोबांनी नदीत सोडले त्यातला हा नव्हे. तेवढं मला नक्की माहीत आहे, त्यापुढे काही नाही.

किती वेळ गेला ते व्हिडिओत नाही. फोन करायला गेलेल्याच्या हातातच तो फोन होता.

मग म्हाताऱ्याचं बोट जमिनीवरून वर उठलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. खूप वेळाने ते एकदा खाली वाकलं. दुसरा ठोका.

"ठोका वरच्या अंगानं येतोय. उभा हाय," तो म्हणाला. तरुणही माझ्यामागे दोरीला लागला. आमच्या हातांवर हात ठेवून म्हातारा म्हणाला, "आता. सावकाश. मी म्हनलं की थांबायचं."

दोरी कोपऱ्यावर दोनदा अडली. दोन्ही वेळा तो थांब म्हणाला, आम्ही थांबलो, ती सुटली. मग टाकीच्या तोंडाशी एक डोकं आलं. रंग सांगता येत नाही. डोळे उघडे होते आणि कुणाकडे बघत नव्हते. ओठ जांभळे. तरुणाने काखेत हात घालून त्याला वर घेतला, आणि तो फरशीवर पडला आणि खोकायला लागला, आणि तो खोकला ऐकून वरच्या मजल्यावरची ती बाळवाली बाई बाल्कनीत येऊन रडायला लागली. माझ्या हातातली दोरी मला सोडता येईना. म्हाताऱ्याने एकेक बोट उलगडून ती काढून घेतली.

अग्निशमन दलाची गाडी आली ती तो बाहेर आल्यावर. चार दिवस तो दवाखान्यात होता. त्या चार दिवसांत संघटनेची बैठक झाली. व्हिडिओ सगळ्यांना आवडला. "तू चेअरमनला काय हाणलंयस," एकजण म्हणाला. म्हातारा माझ्या मेगाफोनवर हात ठेवतो तिथपर्यंतच ठेवावा, पुढचं "विषय भरकटवतं", असं ठरत होतं. मी म्हणाले, ठेवायचा तर सगळा ठेवा, नाहीतर टाकूच नका. वाद झाला. शेवटी टाकला नाही. पत्रक मी लिहायचं होतं. कागद समोर घेऊन तीन संध्याकाळी बसले. वडिलांनी येऊन विचारलं, "काय करतेस?" मी म्हणाले, "बसलेय." ते आत गेले.

पाचव्या दिवशी मी टाकीतून काढलेल्या त्या माणसाच्या घरी गेले. कालव्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग. म्हातारा तिथेच होता, तो त्याचा सख्खा चुलता निघाला. बायको भाकरी थापत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भोंगेवाल्या त्या तुमीच का?"

"हो."

"बसा."

तो भिंतीला टेकून बसला होता. आवाज घोगरा झाला होता, नाहीतर चेहरा तिशीच्या कुठल्याही माणसाचा. मी माफी मागायला आले होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. खाली कसं होतं, असं मी विचारलं.

"खाली आवाज घुमतोय, ताई. वरचं सगळं ऐकू येत होतं. शब्द न् शब्द."

"काय ऐकू आलं?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती परातीत बघत होती.

"मेला तर जबाबदार कोण," तो म्हणाला.

भाकरी तव्यावर पडली.

"गॅस चढला होता. मी दोन दोन ठोके देत होतो, ओढा म्हणून. वरून हेच येत होतं. मग मी देतोय का नाही तेच मला समजंना. मग एकदम गप झालं. म्हणलं, झालं, मेलो. मेल्यावर असंच गप असणार."

"मग?"

"मग म्हणलं, मेलोच असंल तर ठोका देऊन काय बिघडतंय." तो हसला आणि हसता हसता खोकला. बायकोने पाण्याचा तांब्या सरकवला.

मी म्हणाले, "तेव्हा देव आठवला का?" असा प्रश्न मी आजवर कुणाला विचारला नव्हता.

"नाव घ्यायला तोंड उघडावं लागतं," तो म्हणाला. "तोंड उघडलं की गॅस."

"वर बी घ्यायचं न्हाई," चुलता म्हणाला. तो दारात बसून पायाची नखं काढत होता. "मानूस खाली आसला की वर कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. देवाचं बी न्हाई. नाव घेतलं की तेवडा वेळ कान बंद."

"मग देवाला कळणार कसं?"

"त्याचं त्यो बघंल. मला ठोका कळला म्हंजे झालं."

मी माफी मागितली. तिघांपैकी कुणी असू दे म्हणालं नाही. बायकोने भाकरी आणि लसणाची चटणी पुढे ठेवली आणि मी खाल्ली.

निघताना कळलं की सोमवारी दुसऱ्या सोसायटीत काम आहे, आणि तो जाणार आहे. मी चिडले. दवाखान्यातून कालच आलेला माणूस. मी कायदा सांगितला, तक्रार कशी करायची ते सांगितलं, पर्यायी कामाची योजना सांगितली. अर्ज मीच भरून देते म्हणाले. बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे कवा हुईल?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीमागचा माणूस म्हणाला, लेखी द्या. लेखी दिलं. साहेब मीटिंगमध्ये होते. प्रतीवर शिक्का घेतला. संघटनेत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, सोमवारी तू तिथे जायचं नाही. आपल्या डोळ्यांदेखत माणूस उतरला आणि आपण गप्प उभे राहिलो, तर ती संमती झाली. त्यांचं चूक नाही. मीच त्यांना हे वाक्य लिहून दिलंय.

मी गेले. फाटकापाशीच ठेकेदाराच्या माणसाला अडवलं, शिक्क्याची प्रत दाखवली. तो म्हणाला, छान आहे. पोलिसांना फोन केला. पाठवतो म्हणाले. मी पत्ता दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा पुतण्याने कमरेला दोरी बांधली, आणि मी फोन ठेवला तेव्हा तो गळ्यापर्यंत आत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा. मग डोकं खाली गेलं.

मी फोन बंद केला. चुलत्याने जागा करून दिली. मी त्याच्याशेजारी उकिडवी बसले. त्याने पहार माझ्याकडे कलती केली. लोखंड गार होतं. मी कान लावला. आधी आतल्या आत नुसती घरघर ऐकू आली, माझ्याच रक्ताची असावी. मग खूप लांबून एक ठोका. चुलत्याने बोट उचललं, मीही उचललं.

मग काहीच नाही. या मधल्या वेळात मी काय करते ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते ऐकणारं त्या दिवशीही तिथे होतं, तसंच, कुणाचीच बाजू न घेता. मी काही मागितलं नाही. पुढचा ठोका यायला हवा होता आणि येत नव्हता.

वरच्या गॅलरीतून एक बाई वाकल्या. "अहो, किती वेळ चालणार आहे हे अजून?" त्यांनी विचारलं. "पाहुणे यायचेत."

आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.